स्टोअर रिकामं होत नाही

४ फेब्रुवारी

भाऊ,

फोनवर बोलता आलं असतं. पण इथे माझा फोन लेक धरते आणि स्पीकरवर लावते, म्हणजे मला नीट ऐकू यावं. मला येतंच, सगळ्या घरालाही येतं. तुझ्याशी मला तसं बोलायचं नाही. म्हणून पत्र. नात शाळेत जाताना पेटीत टाकते आणि आईला सांगत नाही.

खुब्याचं ऑपरेशन नीट झालं. वॉकर धरून दारापर्यंत जाते. डॉक्टर खूश आहेत, लेक खूश आहे, जावईबापू खूश आहेत. त्या खुशीत मला नको मोजूस.

दुकानाची किल्ली शेजारच्या शिंप्याकडे आहे. वरच्या खोलीत तुझं अंथरूण घालायला सांगितलंय. काम सोपं आहे. आहे तेवढा माल विकायचा, नवीन काही आणायचं नाही. एप्रिल संपला की जागा दातांच्या डॉक्टरांना द्यायची. त्यांची खुर्ची कुठे बसेल ते त्यांनी मोजूनही नेलंय. बादल्यांच्या जागी. मार्चअखेर कागदावर माझी सही झाली की संपलं.

लेकीनं आणि जावईबापूंनी मिळून हे ठरवलं. वाईट ठरवलं असं मी म्हणत नाही. या वयात, या खुब्यानं तू शिडीवर चढून डबे काढणार आहेस का, असं लेकीनं विचारलं. उत्तर माहीत असलं की ती असं विचारते. मी बरं म्हटलं.

परक्या माणसाला हे काम सांगवेना. तू आयुष्यभर कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतास, मालाला हात कसा लावायचा ते तुला सांगायला नको. कारखाना बंद झाल्यापासून घरी भिंतीकडे बघत बसलायस. त्यापेक्षा गिऱ्हाइकाकडे बघ.

पाटीवर ‘स्टोअर्स’ का लिहिलंय ते तुला कधी सांगितलं नसेल. यांना दुकान टाकायचं होतं आणि मामंजींना ते चालणार नव्हतं. आपल्या घरात कुणी तागडी धरली नाही, म्हणायचे. त्याच सुमाराला तू कारखान्यात लागलास. सुनेचा भाऊ स्टोअरमध्ये आहे याचं मामंजींना फार अप्रूप. मग यांनी पाटीवर दुकान लिहिलंच नाही. मामंजी शेवटपर्यंत आल्यागेल्याला सांगत राहिले, “मुलगा स्टोअरमध्ये आहे.” यात खोटं काय होतं?

पोचल्याचं लिही.

ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

पोचलो. खुब्याचं वाचून बरं वाटलं. वॉकरशिवाय चालायची घाई करू नकोस, हे मी भाचीच्या वतीनं लिहितोय असं समज.

दुकान उघडून आधी झाडलं. मग जे जिथे असायला हवं तिथे ठेवलं. तुझे खिळे चहाच्या डब्यांत आहेत आणि चहा खिळ्यांच्या डब्यात. डब्यांवर काही लिहिलेलं नाही. तुला कसं कळतं? शिंपी म्हणाला, बाईंना वजनावरून कळतं. मी चिठ्ठ्या चिकटवल्या.

पहिलं गिऱ्हाईक एक बाई. नळाचा वॉशर हवा होता. मी सवयीनं विचारलं, कोणत्या खात्याकडून? ती म्हणाली, “स्वयंपाकघर.” मी वॉशर दिला.

आमच्या स्टोअरला खिडकी होती. खिडकीला जाळी आणि जाळीला हात जाईल एवढी फट. माणूस चिठ्ठी आत सारायचा, मी वस्तू बाहेर सारायचो. चेहरा बघायची गरज नसे. कुणाच्या अंगठ्याला कुठे कापलंय ते मात्र मला ठाऊक असायचं. इथली फट फार मोठी आहे, सगळा रस्ताच आत येतो. येणारा आधी हवेबद्दल बोलतो, मग तुझ्या खुब्याबद्दल, मग काय हवं ते विसरतो.

सुताराशी थोडं वाजलं. त्याला बिजागऱ्यांची जोडी हवी होती आणि एकच उरली होती. मी नाही म्हणालो. त्यानं फळीवर बोट दाखवलं. मी म्हटलं, “ती शिल्लक आहे.”

“मग मी काय मागतोय?”

अर्धा दिवस तो कट्ट्यावर बसून राहिला. शेवटी दिली, पण मनापासून नाही. शेवटचा नग हातचा ठेवायचा, हे मला पहिल्याच साहेबानं शिकवलं होतं. शिंपी आता मला साहेब म्हणतो. आदरानं म्हणतो असं वाटत नाही.

भाऊ


२१ फेब्रुवारी

भाऊ,

तुझं पत्र नातीला वाचून दाखवलं. ‘स्वयंपाकघर’ला ती इतकी हसली की लेक बघायला आली. पत्र उशीखाली सारलं. या वयात उशीखाली पत्र.

सुताराला शिल्लक दाखवून परत पाठवणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता. हे तुला कोठावळा म्हणायचे ते उगीच नाही. अरे, स्टोअरमध्ये शिल्लक म्हणजे अब्रू असेल, दुकानात शिल्लक म्हणजे न खपलेला माल. आणि आता तर काहीच शिल्लक ठेवायचं नाहीये. सुतार मागेल ते दे. फळीसकट मागितलं तर फळी दे.

तुझ्या पत्रावरून नातीला एक काम सुचलं. तिच्या बाईंनी वर्गात प्रत्येकाला एकेक इंग्रजी शब्द वाटून दिलाय, त्याचे सगळे उपयोग शोधून आणायचे. हिनं स्टोअर मागून घेतला. आजोबांचं दुकान होतं, मामाआजोबांचा कारखाना होता, म्हणाली, माझं काम निम्मं झालंय. दुकान झालं, कोठार झालं, साठवून ठेवणं झालं. मग म्हणाली, फोनमध्येसुद्धा एक स्टोअर असतं. मी विचारलं, त्यात माल कुठे ठेवतात? म्हणाली, ठेवत नाहीत, वरून येतो.

मी म्हटलं, आपल्याकडे असला घोळ नाही. विकतात ते दुकान, धान्याचं ते कोठार, लाकडाची ती वखार, आणि जे टाकवत नाही त्याची अडगळीची खोली. इंग्रजीनं सगळ्यांना एकच पाटी लावलीय. तर कार्टी म्हणते, मग भांडार? राजाचं भांडार म्हणजे खजिना आणि कोपऱ्यावरचं वस्तुभांडार म्हणजे दुकान. आमच्या घरात शेवटचा शब्द आता तिचा.

आणखी एक उपयोग तिनं काढला. उद्या आपल्यापुढे काय येणार आहे ते कुठेतरी आधीच ठेवलेलं असतं, त्यालाही हाच शब्द. मराठीत काय लिहू, म्हणाली. मी सांगितलं, ‘पुढे काय वाढून ठेवलंय’ असं लिही. तिला ते आवडलं. ताट डोळ्यांपुढे येतं, म्हणाली. झाकलेलं.

इथे सगळं बंद कपाटांत असतं. सगळी दारं पांढरी आणि एकसारखी. चमचा हवा तर विचारावं लागतं. विचारलं की, तू बस, मी देते. दिवसभर मला सगळं मिळतं.

फळ्या किती रिकाम्या झाल्या ते तू लिहिलं नाहीस. मला वाईट वाटेल म्हणून टाळत असशील तर टाळू नकोस. मी बरं म्हटलेलं आहे.

ताई


२ मार्च

ताई,

नातीला माझ्याकडून एक उपयोग दे. स्टोअर म्हणजे जिथे वस्तू संपू द्यायची नसते ती जागा. विकायची की फुकट द्यायची हा पुढचा प्रश्न. कारखान्यात एखादं मशीन अडलं आणि त्याचं बेअरिंग नाही असं जाळीतून सांगायची वेळ आली, की तो दिवस स्टोअरकीपरनं खाली मान घालून काढायचा. असे दिवस माझ्या वाट्याला फार आले नाहीत. बाईंना हे चालेल का बघ. शब्दकोशात नसेल.

फळ्यांचं विचारलंस. त्या अजून भरलेल्या आहेत. एप्रिलला वेळ आहे, काळजी नको.

दातांचे डॉक्टर परवा येऊन गेले. सभ्य माणूस आहे. आत आले, वर बघितलं, खाली बघितलं आणि “कमी होतंय ना?” असं हळूच विचारलं, जसं दात दुखतोय का विचारावं. मी म्हटलं, प्रयत्न चालू आहे. जाताना त्यांनी दोन खुंट्या आणि पायपुसणं घेतलं.

शिंप्याकडचा चहा रोज अकराच्या आत येतो. कपाचा कान तुटलाय. मी त्याला तुझ्याच दुकानातला नवा कप देऊ केला, तर म्हणाला, साहेब, कान नसला की पाहुणा लवकर उठतो. मी उठत नाही.

भाऊ


११ मार्च

भाऊ,

तुझं पत्र आलं. ‘फळ्या अजून भरलेल्या आहेत.’ एवढं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं.

तू सांभाळून लिहिलंस, पण मला कळलं. महिना झाला आणि काही कमी होत नाही, म्हणजे कुणी येत नाही. येतात ते हवा आणि माझा खुबा विचारायला. पायपुसणं खपलं तेसुद्धा जागा घेणाऱ्याला. लेक म्हणायचीच, मोठ्या रस्त्यावर ते मजल्यांचं स्टोअर झालंय, सगळे गाडीतून तिथे जातात, तुझ्याकडे फक्त सवयीची माणसं येतात. मी तिच्यावर चिडायचे. आता वाटतं, मी असतानाही असंच असेल. मी बोलत बसायचे, माणसं बोलायची, संध्याकाळ व्हायची. त्या गर्दीला मी धंदा समजले.

मला वाटायचं, मी नसले की दुकान अडेल. ते अडलेलंही नाही रे. नुसतं उभं आहे.

जावईबापू एकोणतीसला कागद आणणार आहेत. मी त्यांना म्हटलं, आधी आणलेत तरी चालेल. एप्रिलपर्यंत तू तिथे ताटकळू नकोस. उरलेलं सगळं भंगारवाल्याला वजनावर दे आणि घरी जा. तुला उगाच कामाला लावलं.

नातीचं स्टोअर बाईंना आवडलं. तुझा उपयोग वर्गात वाचून दाखवला म्हणे.

ताई


१६ मार्च

ताई,

भंगारवाला सध्या इथे नाही. मुलीच्या घरी गेलाय, कधी येईल सांगता येत नाही. तेव्हा एकोणतीसच्या आधी सही करायची काही गरज दिसत नाही. घाईनं केलेली कामं मी निस्तरलेली आहेत, म्हणून सांगतो.

कुणी येत नाही असं काही नाही. परवा शाळेचा शिपाई आला. मैदानावर मुलांच्या खेळाला रेघा आखायच्या आहेत, चुना पुसला जातो, म्हणून दोर लावणार आहेत. मी त्याला निळा नायलॉनचा दोर काढून दिला. पावसात कुजत नाही, उन्हात फिका पडतो तेवढाच. सगळं वेटोळं घेऊन गेला. काल पुन्हा आला, मुख्याध्यापकबाईंना आणखी हवाय. तोही दिला. मुलं म्हणे दोरावरूनच उड्या मारतात आणि खेळ बाजूला राहतो.

हवा बरी आहे. शिंपी तुला नमस्कार सांगतो. खुब्याला जप.

भाऊ


२० मार्च

कोठावळ्या,

माझ्या दुकानात निळा दोर कधी नव्हता.

सुताचा होता, काथ्याचा होता, आणि हे असताना एकदा हिरवा आणला होता तो अजून कोपऱ्यात पडून असेल. नायलॉन मी ठेवत नसे, हाताला कापतो. तू शिपायाला निळा दोर दिलास, संपला, दुसऱ्या दिवशी पुन्हा दिलास. कुठून आला? वरून?

ताकाला जाऊन भांडं लपवावं, तर तू भांडं वाजवत आलास. आता मागची पत्रं काढून बसले आहे. उशी उंच झालीय. सुताराला शेवटची जोडी दिलीस फेब्रुवारीत, आणि मार्चमध्ये फळ्या भरलेल्या. डॉक्टर विचारतात कमी होतंय का, आणि तू म्हणतोस, प्रयत्न चालू आहे. कसला प्रयत्न, भाऊ?

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तुझा तर सुंभही जळलेला दिसत नाही.

हवा, शिंपी आणि माझा खुबा सोडून लिही. काय चाललंय तिथे? एकोणतीसच्या आत मला कळायला हवं. मी एका वाक्यावर सही करायला निघाले होते.

ताई


२३ मार्च

ताई,

सापडलो.

दुसऱ्या आठवड्यात वॉशरचा डबा हलवला तर तळाचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. त्याच दुपारी घाऊकवाल्याचा माणूस समोरून सायकलवरून चालला होता. त्याला हाक मारली. हाक मारून झाल्यावर आठवलं की हे करायचं नव्हतं. पण तो थांबला होता, त्यानं कागद काढला होता. वॉशर सांगितले. मग बिजागऱ्या सांगितल्या, कारण सुतार पुन्हा येणार हे दिसत होतं. पुढच्या वेळी तो आपणहून आला. विक्रीचेच पैसे त्याला देत गेलो, पदरचं काही घातलं नाही. निळ्या दोराचं मात्र माझं डोकं. तो खपेल असं वाटलं.

म्हणजे फळ्या भरलेल्या आहेत असं मी लिहिलं ते खरं होतं. त्या रोज रिकाम्या होतात आणि मी रोज भरतो. तू अर्थ उलटा लावलास, आणि अकरा तारखेच्या पत्रावरून मला ते कळलंसुद्धा. तेव्हाच सांगायला हवं होतं. भंगारवाला इथेच आहे, समोरून दोनदा जातो.

का केलं असं विचारशील. कारखाना बंद झाला तेव्हा सगळे गेले आणि मला मागे ठेवलं, लिलावासाठी स्टोअर रिकामं करून द्यायला. केलं. ज्या बेअरिंगांसाठी माणसं जाळीशी रांग लावायची ती वजनावर गेली. फळ्या गेल्या, जाळी गेली. शेवटी मी रिकाम्या खोलीला कुलूप लावलं, तर तो लिलाववाला म्हणाला, कुलूपपण आमच्या मालात आहे. मी ते काढून त्याच्या हातात दिलं. दार उघडं टाकून बस पकडली.

मला हे काम येतं म्हणून तू मला बोलावलंस. येतंच. एकदा नीट करून झालंय. दुसऱ्यांदा हात उचलत नाही.

आता दुसरी बाजू. मी इथे स्टोअर चालवतोय, दुकान नाही. ज्याला काय हवं ते माहीत असतं त्याला माझ्याकडून मिळतं. बाकीचे उभे राहतात. काल ते कडेच्या घरातले म्हातारे आले, छत्री घेऊन हिंडणारे. काय हवं ते त्यांना सांगता येईना. दार आवाज करतं, म्हणाले. मी तेलाची बाटली पुढे केली. ते म्हणाले, तसला आवाज नाही. मी बिजागरी पुढे केली. त्यांनी ती माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, “राहू द्या. बाई आल्या की विचारतो.” असं दिवसातून कुणी ना कुणी म्हणतं. तू येणार नाहीस हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तेही माझ्या हातून होत नाही.

सही करायची की नाही ते तुझं तू ठरव. थकली असशील तर कर. मी स्वतः भंगारवाल्याला हाक मारीन आणि तो वजन करेल ते बघत उभा राहीन. पण कुणी येत नाही म्हणून करू नकोस. येतात.

भाऊ


२ एप्रिल

भाऊ,

पत्राला उशीर झाला. इथे दोन-तीन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

एकोणतीसला जेवणं झाल्यावर जावईबापूंनी कागद टेबलावर ठेवला, पेनाचं टोपण काढून पेन माझ्याकडे केलं. मी म्हटलं, मला सही करायची नाही. मग सगळं सांगितलं, वॉशरपासून. लेक आधी तुझ्यावर घसरली. मामाला एक काम दिलं होतं, रिकामं करायचं. मी म्हटलं, त्याला ते येत नाही. जावईबापू खाली बघून हसले, ते तिनं पाहिलं आणि त्यांच्यावरही घसरली.

मग एकदम शांत झाली. म्हणाली, “आई, तू शिडीवरून पडलीस तेव्हा शिंपीकाकांचा फोन मी घेतला होता. तसा फोन मला पुन्हा घ्यायचा नाही.”

मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला, एवढंच. मग उठून भांडी घासायला गेली. घरात भांडी घासायचं मशीन आहे.

कागद दोन दिवस टेबलावरच होता. सगळे त्याच्या कडेनं जेवत होते. परवा सकाळी जावईबापूंनी तो उचलला आणि म्हणाले, डॉक्टरांना मी कळवतो, त्यांना पुलाजवळची जागाही पसंत होती. लेकीनं ऐकलं. संध्याकाळी माझ्यापुढे बसून अटी घातल्या. शिडीला मी हात लावायचा नाही. माझा पलंग खाली, मागच्या खोलीत. रोज एकदा फोन, आणि तो स्पीकरवर नाही. आणि मामानं तिथेच राहायचं. शेवटची अट मी तुला न विचारता मान्य केली. नाही म्हणायचं असेल तर इथे यायच्या बसचं तिकीट काढ आणि तिला तोंडावर सांग.

तेव्हा आता असं करायचं. मागची बाजू तुझी. डबे, फळ्या, घाऊकवाला, शिडी. पुढची माझी. बसायला उंच स्टूल लागेल, पाठ असलेलं, सुताराला सांग. त्याला बिजागऱ्या लागल्या तर या वेळी वाद न घालता दे. तुझ्या चिठ्ठ्या डब्यांवर राहू देत, मी वाचणार नाही. निळा दोर ठेव. हाताला कापतो तरी ठेव.

छत्रीवाल्या म्हाताऱ्यांचं दार बिजागरीशी वाजत नाही, खालच्या चौकटीला घासतं. त्या घराला ओल आहे. मेणबत्तीचा तुकडा दे आणि दाराच्या कडेला घासायला सांग. तो तुकडा विकायचा नसतो, असाच द्यायचा. आणि तुकडा दिला की लगेच त्यांना घरी पाठवू नकोस, थोडं बसव. त्यांना त्यासाठीही यायचं असतं.

सोमवारी दुपारी पोचेन. लेक पोचवायला येणार आहे. फळ्या बघणार म्हणते, तेव्हा भरून ठेव.

वॉकर सुटला, काठी आली. पण दुकानात काठी धरून कसं चालेल, दोन्ही हात मोकळे लागतात. म्हणून काठी न धरता उभं राहायचा सराव करते आहे. आज सकाळी ओट्याला टेकून बराच वेळ उभी होते. लेक आत आली. बस आता, म्हणाली. मी म्हटलं, बसता येत नाही, गिऱ्हाईक आहे.

मला वाटलं, आता पुन्हा भांडण होणार. तिनं ओट्यावरची दुधाची किटली उचलली, वळसा घालून माझ्यासमोर आली आणि किटली पुढे ठेवली.

“याचं झाकण मिळेल का हो?”

“मिळेल,” मी म्हटलं. “मंगळवारी या.”

ताई